आखूड जीन्सची खरी गोष्ट

सर्व संबंधितांस – म्हणजे अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगरातल्या ज्या ज्या लग्नात, बारशात, निरोपसमारंभात आणि शिक्षकांच्या सहलीत मी आजवर तोंड उघडलं आहे त्या सर्वांस – याद्वारे जाहीर करण्यात येते की, ‘गुलाबने जीन्स कापल्या’ ही माझी सुप्रसिद्ध, आग्रहाने पुन्हा पुन्हा ऐकली गेलेली, हमखास हशा आणणारी आणि एका मुख्याध्यापकांना ठसका लागून पाणी मागवायला लावणारी गोष्ट आजपासून कायमची बंद करण्यात येत आहे. कृपया फर्माईश करू नये. कलाकाराची तब्येत ठणठणीत आहे. गोष्ट खोटी होती.

हं. झालं जाहीर. आता दार लोटून घ्या आणि जवळ बसा.

खरी गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही. बायकोला नाही. ज्याच्या डब्यातली भाजी मी रोज अर्धी खातो त्या सहकाऱ्यालाही नाही. अलीकडे एकदा ती तोंडातून बाहेर पडली, पण ते सांगणं नव्हे – शिंक येते तशी आली. रीतसर सांगतोय ती आज, तुम्हाला. आणि वेळ लागेल. इतकी वर्षं मी या गोष्टीच्या भोवतीने फिरलोय की आत शिरायचं दार कुठल्या बाजूला होतं, ते आधी शोधावं लागणार.

तर मी म्हात्रे सर. बदलापूरचा, भातशेतीवाल्या घरातला. अंबरनाथच्या एका हायस्कूलला जोडून जे ज्युनियर कॉलेज आहे, त्याच्या व्यवसाय विभागात मी कपडे बेतायला आणि शिवायला शिकवतो. हो, पुरुष असून. लग्नाच्या वेळी सासरच्यांनी विचारलं होतं, मुलगा कुठल्या लाइनीत आहे, आणि माझ्या वडिलांनी खाली बघून सांगितलं होतं, शिक्षणखात्यात. टेप गळ्यात हारासारखा घालायचा, खडू कानावर खोचायचा आणि वर्गात असं शिरायचं की पडदा उघडला असं वाटलं पाहिजे – ही माझी पद्धत. मुली हसतात. हसल्या की शिकतात. निदान माझं तसं म्हणणं आहे.

आमचा विभाग शाळेच्या तळमजल्यावर, मागच्या बाजूला. वरती सायन्स आणि कॉमर्स. वरचे लोक आम्हाला ‘खालचे’ म्हणतात, आणि असं म्हणताना त्यांच्या मनात काही वाईट नसतं. वाईट मनात असावं लागतं, असंही नाही. खाली कोण येतं? दहावीला मार्क कमी पडलेल्या मुली येतात. बारवी धरणाकडच्या वाड्यांमधल्या ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या मुली येतात – घरातलं दहावी झालेलं पहिलं माणूस म्हणून. अंबरनाथच्याच मुसलमान मोहल्ल्यातल्या मुली येतात, ज्यांना घरून एवढीच मोकळीक असते की शिवणकाम असेल तर जा. दोन वर्षांचा कोर्स, आणि त्यातला काही काळ खऱ्या कारखान्यात जाऊन काम शिकायचं. त्या जाण्यावर सगळं अवलंबून. कारखान्यात मुलगी कुठे बसली, ते ठरलं की तिचं पुढचं आयुष्य बहुतेक ठरतं.

म्हणजे कसं? तुम्ही उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये एखाद्या जीन्सच्या कारखान्यात कधी डोकावलात तर बघा. मधोमध लांबलचक टेबल असतं. त्यावर कापडाचे थर एकावर एक अंथरलेले, वर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून खडूने आखलेलं, आणि उभ्या पात्याचं मशीन घेऊन कटिंग मास्तर ते सगळे थर एका दमात कापतो. पंखा त्याच्या डोक्यावर. चहा आला की पहिला कप त्याचा. सेठसुद्धा त्याला अरे म्हणत नाही. त्याच्याभोवती शिलाई मशीनवाले. आणि सगळ्यांच्या खाली, जमिनीवर, तयार पँटींच्या ढिगात बसून लोंबणारे धागे छोट्या कात्रीने काढणाऱ्या बायका. त्याला धाग्यावर बसणं म्हणतात. आमच्या मुली दोन वर्षं बेतणं, कापणं, शिवणं शिकायच्या आणि जाऊन धाग्यावर बसायच्या. धाग्यावर बसलेली बाई धाग्यावरच म्हातारी होते. तिथून वर जायला जिना नाही.

हे मला सलायचं. खरंच सलायचं. एवढं माझ्या बाजूने असू द्या, पुढे काही मिळणार नाही.

मग आमच्या वर्गात गुलाब आली. बारवीकडच्या ठाकरवाडीतली. पहाटे वाडीतून चालत खाली, मग जीपमध्ये कोंबून बदलापूर, मग अंबरनाथ – आणि एवढं करून वर्गात शिरताना तिच्या तोंडाला विश्रांती नाही. जीपवाल्याची नक्कल, शेजारणीची नक्कल, माझी नक्कल. मी फळ्यावर हात लांबवून, टाचा उचलून एक झोकदार वळण काढलं, तर मागून तिचा आवाज – “सर, एक रेघ माराया एवढं नाचाया लागतं काय?” वर्ग कोसळला. मी पण. काय करणार, प्रश्न बरोबर होता.

गुलाबचा हात स्थिर होता. जड मशीन तिने पहिल्यांदा धरलं तेव्हा तिने त्याला ‘म्हस’ म्हटलं आणि मग ती म्हस तिच्या मागे निमूट चालली. ते बघून माझ्या डोक्यात आलं – हिला धाग्यावर नाही बसवायचं. हिला टेबलावर उभं करायचं.

कॅम्प तीनमधल्या सिंधी नंदूसेठकडे आमच्या मुली नेहमी जायच्या. मी शेअर रिक्षाने त्याच्याकडे किती खेपा घातल्या असतील. सेठ म्हणायचा, साईं, मुलगी आणि कटिंगवर? पात्याखाली बोट गेलं तर कोण बघणार? मी भाषण केलं. विमान चालवणाऱ्या बायकांपासून सुरुवात करून त्याच्या स्वतःच्या आईपर्यंत आलो, जिने म्हणे फाळणीनंतर कॅम्पात आल्यावर पापड लाटून घर उभं केलं होतं. आईवर आल्यावर सेठ वितळला. त्याच्याकडचे कटिंग मास्तर इद्रिस, उत्तरेकडच्या कुठल्याशा गावचे, अबोल आणि कडक. त्यांनी कुरकुरत गुलाबला हाताखाली घेतलं. काही आठवड्यांनी त्यांची कुरकुर थांबली, याचा अर्थ त्यांना काम पसंत पडलं होतं. मग त्यांच्या बहिणीचं लग्न निघालं आणि गावी जाताना त्यांनी सेठला सांगितलं, मुलगी सांभाळेल.

बघितलंत? दार उघडलं होतं. त्या गल्लीत पहिल्यांदा एक मुलगी कटिंगच्या टेबलावर एकटी उभी राहणार होती.

आता – थांबा, पाणी पितो.

जीन्सचं कापड शिवून झाल्यावर वॉशिंगला जातं, आणि धुतल्यावर आटतं. किती आटेल ते प्रत्येक थानाचं, म्हणजे ताग्याचं, वेगळं. म्हणून नवं थान आलं की मास्तर आधी त्याचा हातभर तुकडा धुवून आणायला पाठवतात. तो किती आटला ते बघतात, तेवढा फर्मा वाढवतात आणि मगच कापतात. हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. आम्ही वर्गात मांजरपाटावर शिकवायचो, जो कापायचा, शिवायचा, मार्क द्यायचे आणि कपाटात टाकायचा. धुतोय कोण? आणि गुलाब कारखान्यात आल्यापासून एकाच खेपेचं, आधीच तपासलेलं कापड चालू होतं, त्यामुळे तुकडा जाताना आणि येताना तिने कधी पाहिलाच नव्हता.

इद्रिस मास्तर निघाले त्या दिवशी मी कॅम्पातच होतो. रिक्षास्टँडवर, खांद्याला बॅग, ते माझ्यासाठी थांबले. म्हणाले, सर, नव्या थानाचा तुकडा धुवायला गेलाय, संध्याकाळी येईल, तो बघून फर्मा वाढवायला सांगा, मगच मुलीला कापू द्या. मी मान डोलावली. ते रिक्षात बसले. मी हात हलवला.

म्हणजे ते मला सांगून गेले होते. मला. एकट्याला.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाहुणे बोलावले होते. आमचे प्राचार्य आणि संस्थेच्या दोन बाई. का? आमची मुलगी टेबलावर कशी कापते ते बघायला. खरं सांगू? मी कसा मास्तर आहे ते बघायला. आदल्या संध्याकाळी तुकडा आलाच नाही. वॉशिंगवाल्याकडे पाण्याचा घोळ होता. उद्या संध्याकाळी देतो म्हणाला. आणि पाहुणे दुपारी. कापडाचे थर अंथरलेले, मशीन तयार, आणि गुलाब केस घट्ट बांधून उभी. तिने मला विचारलं, मास्तर काही सांगून गेले का. साधा प्रश्न. नवं थान आहे, म्हणून विचारलं तिने.

मी नाही म्हणालो.

विसरलो होतो का? नाही हो. विसरलो असतो तर तुम्हाला एवढं बसवून ठेवलं नसतं. मला आठवत होतं. मी मनात म्हटलं, आटून आटून कितीसं आटणार. मनात म्हटलं, एवढ्या पाहुण्यांसमोर कापडाच्या तुकड्याची वाट बघत काय उभं राहायचं. पाहुणे आले. मी सूत्रसंचालन केलं. गुलाबने आखलेल्या रेघेवरून मशीन असं नेलं की रेघेचा खडूसुद्धा अर्धा या बाजूला आणि अर्धा त्या बाजूला राहिला असेल. बाईंनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांनी शाब्बास म्हटलं आणि पाठ थोपटली – माझी. फोटो निघाला. मधोमध मी.

पँटी शिवल्या गेल्या, धुवायला गेल्या आणि परत आल्या. नंदूसेठने पहिला गठ्ठा फोडला, एक जीन्स स्वतःच्या कमरेला लावून बघितली, मग दुसरी, मग मधलीच एक ओढून काढली. सगळ्या चार बोटं आखूड आणि कमरेला तंग. सगळ्याच्या सगळ्या. मला बोलावणं आलं.

मी पोचलो तेव्हा गुलाब टेबलाजवळ उभी होती आणि पंखा चालू असून घामाघूम होती. सेठ तिला विचारत होता, तुकडा न बघता कापलंस कशी? तिला तुकडा म्हणजे काय तेच कळेना. सेठ माझ्याकडे वळला. मास्तर बोलून नाही गेला?

हा तो क्षण. गोष्टीत मी इथे नेहमी एक घोट चहा प्यायचो – लोकांना ताटकळत ठेवायला. बघा, किती हुशार.

मी म्हणालो, सांगून गेले असतील तिला. विसरली असेल. शिकतेय सेठ, लेकरू आहे, माझ्याकडे बघून माफ करा.

माझा आवाज फार गोड लागला होता. मला अजून ऐकू येतो. मी माझी चूक तिच्यावर टाकली नाही नुसती – मी तिला त्या चुकीसाठी माफीसुद्धा मिळवून दिली. आणि गुलाब? ती विचारात पडली. प्रामाणिकपणे, कपाळाला आठ्या घालून. आणि मग तिने स्वतःच कारण शोधून काढलं. म्हणाली, “सांगितलं असंल सर. मास्तरांचं हिंदी मला समदं कळत नव्हतं.”

तिने माझ्याकडे संशयाने बघितलं असतं, तर कदाचित मी कबूल केलं असतं. असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. पण तेही खरं नाही. मी काय केलं असतं ते मला माहीत आहे.

इद्रिस मास्तर गावाहून परत आल्यावर त्यांनी मला गल्लीतच गाठलं. सर, तुम्हाला सांगून गेलो होतो ना? मी म्हणालो, मी सांगितलं होतं हो तिला. सकाळी सांगितलं, दुपारी विसरली. सेठसमोर बोललो तेव्हा ती भीती होती असं म्हणता येईल. हे मात्र सरळ, ठरवून, पूर्ण शुद्धीत बोललेलं खोटं. मास्तर वळले. आत जाऊन त्यांनी आपलं मशीन पुसलं. तिच्याशी ते पुन्हा बोलले नाहीत, आणि का ते तिला कधी कळलं नाही. तिला वाटलं, रागावले असतील, रागावणारच.

गुलाब धाग्यावर बसली. काही दिवस बसली आणि मग यायची बंद झाली. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झाल्याचं कानावर आलं. मी ऐकलं आणि मला – आता हेही सांगून टाकतो – मला बरं वाटलं. संपलं म्हणून.

संपायला हवं होतं. पण मी गोष्टी सांगणारा माणूस. पहिल्यांदा मी हे स्टाफरूममध्ये सांगितलं, ते कुणी विचारलं म्हणून, टाळायला म्हणून. पण त्यात मी सेठने कमरेला जीन्स लावल्याची नक्कल केली आणि लोक हसले. हशा मिळाला की माझं काय होतं, तुम्हाला माहीत आहे. पुढच्या वेळी चार बोटांच्या जागी वीतभर झालं. मग जीन्स गुडघ्यापर्यंत आल्या. मग मी गुलाबची बोली घातली, तिच्यापेक्षा जरा जास्तच जाड करून. आणि मग एका लग्नात, जेवणं झाल्यावर, ऐन रंगात येऊन मी कोयता आणला. म्हणजे असं की, मशीन बाजूला ठेवून पोरीने कंबरेचा कोयता काढला आणि भात कापावं तसं कापड कापलं! हात फिरवून दाखवायचो मी. लोक डोळे पुसायचे. कोयता नव्हता हो. मशीन होतं, रेघ होती, आणि तिचा तो स्थिर हात होता. कोयता मी आणला, कारण ती वाडीवरची होती आणि तेवढ्यावर लोक आधीपासूनच हसायला तयार होते. मला फक्त हात फिरवायचा होता.

गोष्ट पसरली. माझ्यापेक्षा पुढे गेली. कॅम्पातल्या दुसऱ्या कारखान्यांत पोचली, तिथून वॉशिंगवाल्यांत, दोरे-बटणं विकणाऱ्यांत. पुढच्या वर्षी मी एका मुलीसाठी कटिंगचं विचारायला गेलो, तर सेठ हसत म्हणाला, साईं, परत हाफ पँट बनवायची आहे का? दुसऱ्याकडे गेलो, तर त्यालाही माहीत. आणि मग मी विचारायचंच सोडलं. वर्गात सांगू लागलो, कारखानेवाले मुलींना कटिंग देत नाहीत, काय करणार. हळहळीच्या सुरात सांगायचो. तो सूरही मला छान जमतो. किती मुली गेल्या त्यानंतर धाग्यावर? ज्यांचा हात गुलाबइतका स्थिर होता अशा किती? मला नावं आठवतात, म्हणून मोजत नाही.

आणि यंदा गुलाब आली.

प्रवेशाच्या दिवसांत, तळमजल्याच्या दारात. मी ओळखलं नाही. तिने ओळख दिली. सोनिवलीला ज्या नव्या इमारती उठल्यात त्यांतल्या एका संकुलात ती जिने आणि पार्किंग झाडते. बरोबर तिची मुलगी, मयूरी. दहावी झालेली, आईसारखीच नजर, पण ओठ मिटलेले. गुलाबचं तोंड मात्र तसंच चालू. रांगेतल्या बाकीच्या आयांना तिने लगेच सांगायला घेतलं, हे माझे सर, आणि मी ह्यांच्या नावाला कसा बट्टा लावला. आणि तिने गोष्ट सांगितली. माझी. जीन्स गुडघ्यापर्यंत आलेल्या. सेठची नक्कल माझ्याहून बरी. आणि त्यात कोयता होता.

कळलं का तुम्हाला? कोयता होता. फिरत फिरत गोष्ट वाडीपर्यंत गेली होती, आणि तिने ती आपली म्हणून घेतली होती. आपण मशीनने कापलं की कोयत्याने, हेही आता तिला सांगता आलं नसतं बहुतेक. आया हसल्या. मग गुलाब आवाज खाली आणून मला म्हणाली, हिला शिलाई शिकवा, धाग्यावर बसवा, पण कटिंगच्या मशीनजवळ नका नेऊ सर. आमच्यात नाय राहत डोक्यात.

आमच्यात. एकट्या माझ्यात नाही – आमच्यात. मी एक दुपार साजरी करायला एका मुलीच्या माथ्यावर चूक टाकली होती; तिने ती सगळ्या वाडीत वाटून घेतली होती आणि लेकीच्या वाट्याची आत्ताच काढून ठेवत होती.

त्या वेळी तरी मी बोललो का? नाही. मी हसलो. गुलाब, तू काही बदलली नाहीस, असं म्हणालो आणि मयूरीला आत घेतलं.

मयूरी कटिंगला बसली, कारण वर्गात तर सगळ्याच बसतात. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. पण खडू फिरतो त्याचा आवाज येतो ना. न थांबता फिरणाऱ्या खडूचा आवाज वेगळा असतो. तिने एकदाच विचारलं, मला कारखान्यात कटिंग मिळेल का. मी ती ठरलेली हळहळ काढायला तोंड उघडलं आणि ती आलीच नाही.

आमच्याकडे एक दिवस असा असतो की कारखानेवाले तळमजल्यावर येतात, मुलींचं काम बघतात आणि कोण कुठे बसेल ते तिथेच सांगतात. पालकही येतात. गेल्या आठवड्यात तो दिवस होता. नंदूसेठ आला – आता केस पांढरे, काठी हातात, पण स्वतः आला. मयूरीने कापलेलं कापड त्याने उलटसुलट बघितलं, खूश झाला आणि म्हणाला, चलो, धाग्यावर घेतो. मयूरी म्हणाली, कटिंगवर घ्या. सेठ हसला. खुर्चीत मागे टेकला आणि त्याने गोष्ट सुरू केली. मुलगी कोण हे त्याला माहीत नव्हतं. मागच्या बाकावर गुलाब बसली आहे हेही माहीत नव्हतं. हात फिरवायची माझी पद्धत, माझं ते मधेच थांबणं, सगळं जसंच्या तसं. सगळा वर्ग हसला. गुलाब सगळ्यांत मोठ्याने हसली. मयूरी हसली नाही. ती आईकडे बघत होती.

आणि मी बोललो. नाटक करायला वेळच मिळाला नाही. मास्तर मला सांगून गेले होते. गुलाबने विचारलं, मी नाही म्हणालो. कोयता नव्हता. चूक माझी होती, तिची नव्हती. बस, एवढंच.

यानंतर एक वाक्य बोललं गेलं, ते माझं नाही, म्हणून ते शेवटी ठेवतो. त्याच्यानंतर काय झालं ते आधी सांगून टाकतो. सेठने कटिंगचं विचार करून कळवतो म्हटलं आणि अजून कळवलेलं नाही. बाकीच्या कारखानेवाल्यांनी चहा संपवला. गुलाब उठली. जाताना दारात चप्पल घालायला वाकली, ती बराच वेळ वाकलेलीच राहिली. मयूरी रोज वर्गात येते. मला सर म्हणते, आणि तिच्या आवाजात काय आहे हे मी ओळखायचा प्रयत्न करत नाही. मी कुणाकडे माफी मागितलेली नाही. मागितली की ती द्यायची की नाही हे काम परत गुलाबच्याच गळ्यात पडेल, आणि माझी कामं तिने बरीच केली आहेत.

तर माझं बोलून झालं होतं. नंदूसेठ माझ्याकडे बघत होता, इतकी वर्षं सांगत आलेली गोष्ट हातातून निसटल्यासारखा. गुलाबच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहून गेलं होतं, ती त्यातून निघून गेल्यावरही. आणि तेवढ्यात पुढच्या टेबलावरून, हातातला खडू न ठेवता, मयूरीच्या तोंडून निघून गेलं –

“म्हणजे पुरुषाने वाट लावली होती? मग सेठ, तुम्ही पुरुषांना कटिंगवर ठेवता कशाला?”